गच्चीवरचा ठिपका

आरोग्यधामाच्या रुग्णांमध्ये ऊनबाईबद्दल एक आख्यायिका प्रचलित होती. सूर्य आकाशात कुठे आहे ते ती डोळे मिटून, नुसतं बोट दाखवून सांगते, असं म्हणत. अशा आख्यायिका सहसा अर्ध्याच खऱ्या असतात. ही मात्र पूर्ण खरी होती. फक्त तिचं कारण रुग्णांना ठाऊक नव्हतं.

फुप्फुसाच्या जुनाट आजारांच्या त्या तीन मजली इमारतीत बेचाळीस खाटा होत्या आणि बेचाळीस जणांचं दुपारचं जेवण गच्चीवर, उन्हात शिजत असे. बारा वर्षांपूर्वी तळमजल्यावरचं स्वयंपाकघर जळालं. धुराने रुग्णांचे हाल झाले. तेव्हा कुणा इंजिनिअरने गच्चीवर नऊ सौरपेट्या आणि एक मोठी छत्री बसवून दिली. पेटी म्हणजे आतून काळा रंग दिलेलं पत्र्याचं खोकं, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. छत्री म्हणजे उलटी उघडून ठेवल्यासारखी, पुरुषभर रुंदीची, आरशाच्या पट्ट्यांची तबकडी. तिच्या मध्यावर लोखंडी कडं होतं. त्यात पातेलं ठेवता येई किंवा जाळी टाकून भाज्या भाजता येत. इंजिनिअरने पंधरा दिवस शिकवलं, फोटो काढले आणि तो गेला. नंतर दोन आचारी आले. पहिला दर दहा मिनिटांनी काच उघडून डाळ शिजली का ते बघायचा, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत शिजायचीच नाही. दुसऱ्याने आठवड्यात हात टेकले. तिसरी ऊनबाई. तिचा नवरा आरोग्यधामाच्या पंपावर होता. तो गेल्यावर तिला त्याच्या जागी काहीतरी काम द्यायचं होतं, म्हणून गच्ची दिली. ती टिकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ती टिकली, कारण तिला वाट बघता येत होती. सकाळी सातला डाळ, बटाटे पेट्यांत गेले की साडेअकरापर्यंत ती एकही काच उघडत नसे. दर अर्ध्या तासाने नऊही पेट्या उन्हाबरोबर थोड्या थोड्या फिरवायच्या. खाली वॉर्डात परिचारिका रुग्णांना कुशीवर वळवत, तसंच ती वर पेट्यांना वळवते, असं तिची नणंद म्हणायची. पेट्यांचं ऊन तिला हाताच्या पाठीवर कळायचं. काचेवरून हात फिरवला की कुठल्या कोपऱ्यात ऊन लंगडं पडलंय ते समजे. छत्रीचं तसं नव्हतं. छत्रीतला सगळा प्रकाश गोळा होऊन तळहाताएवढा एक पांढरा ठिपका होतो आणि तो पातेल्याच्या बुडाशी नेमका मध्यभागी बसवावा लागतो. चार बोटं सरकला तर पातेल्याचा कान वितळतो आणि आतलं पाणी कोमट राहतं. त्यासाठी काळा चष्मा दिलेला होता. चष्म्यातून ठिपका दिसे, पण त्याची कड दिसत नसे. आणि ठिपका बसला की नाही ते कडेवरूनच कळतं. म्हणून पहिल्याच महिन्यात ऊनबाईने चष्मा काढून ठेवला आणि पुढे अकरा वर्षं, दर पंधरा मिनिटांनी, तिने त्या ठिपक्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

यात तिला काही वावगं वाटलं नाही. वर येणाऱ्या कुणालाच वाटलं नाही. भात मोकळा होत होता.

मग एका सकाळी तिला कपाचा कान दिसला, बशीची कड दिसली, पण कप दिसेना. तिने नजर बाजूला वळवली तेव्हा कप जागेवर आला. सरळ बघितलं की पुन्हा गेला. आधी काही दिवस तिथे हिरवा डाग दिसायचा, मग तो करडा झाला आणि शेवटी डागही राहिला नाही. जिकडे बघावं तिथे नेमका मधला भागच नव्हता. माणसांना खांदे होते, केस होते, चेहरे नव्हते. सुरुवातीला ती घाबरली. नंतर तिने कामाला लागणाऱ्या बाईप्रमाणे त्यातून वाट काढली. पातेलं बघायचं तर पातेल्याच्या डावीकडच्या विटेकडे बघायचं. तांदळातले खडे बोटांनी शोधायचे. पेट्या हातांनी फिरवायच्या. सूर्य गालावर कुठे लागतो त्यावरून वेळ ओळखायची. आख्यायिका जन्मली ती याच महिन्यांत. छत्री तेवढी जमेना. ठिपका सरळ बघूनच लावावा लागतो आणि सरळ बघण्याची जागाच तिच्याकडे उरली नव्हती. दोन पातेल्यांचे कान गेले. एकदा रस्सा निम्मा कच्चा खाली गेला. तिने मीठ चुकलं असं सांगून वेळ मारून नेली.

चौथ्या महिन्यात ती एका मंगळवारी पेट्यांसाठी काळा रंग आणायला जाते असं सांगून शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. इथे तिने जे केलं ते पुरेसा विचार करून केलं होतं, हे नमूद करायला हवं. त्या दवाखान्याची माणसं अधूनमधून आरोग्यधामात येत. स्वयंपाकीणबाईची नजर गेली हे खाली कळलं तर गच्ची जाणार. गच्ची गेली की ती आणि नणंद राहत ती जिन्याखालची खोली जाणार, कारण ती खोली स्वयंपाक करणाऱ्यासाठीच होती. म्हणून केसपेपर काढताना तिने स्वतःचं नाव सांगितलं नाही, नणंदेचं सांगितलं. नणंद धुलाईघरात काम करायची. तिचे डोळे इतके धड होते की ती या दवाखान्याची पायरी कधी चढणार नाही, याची ऊनबाईला खात्री होती. वय सांगितलं, तेही नणंदेचं. काम विचारलं, तर धुलाईघरात, चादरी दाबायच्या तापलेल्या रुळांवर. पत्ता विचारल्यावर मात्र ती अडखळली. तिला आयुष्यात एकच पत्ता माहीत होता. तो तिने दिला.

डॉक्टरने डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, सूर्याकडे टक लावून बघायची सवय आहे का? ती नाही म्हणाली. हे उत्तर खोटं नव्हतं. सूर्याकडे तिने कधीच पाहिलं नव्हतं, ती पातेल्याकडे बघत आली होती. डॉक्टर म्हणाला, पडद्याच्या मधोमध जळलंय, यावर औषध नाही की ऑपरेशन नाही, उरलंय ते सांभाळा, झगमगाटापासून लांब राहा. ती घरी आली. रंग आणायचा विसरली. बुधवारी सकाळी सातला गच्चीवर होती.

तीन आठवड्यांनी दवाखान्याचं पत्र आरोग्यधामाच्या कार्यालयात आलं. यंत्रावर काम करणाऱ्याची नजर इतकी गेलेली आढळली तर मालकाला कळवायचं, असा दवाखान्याचा नियम होता. त्यात नणंदबाईंचं नाव, वय आणि काम बिनचूक होतं आणि त्यांना रुळांजवळ ठेवू नये अशी सूचना होती.

कार्यालयात बसणाऱ्या व्यवस्थापकांना सगळे टाचणीसाहेब म्हणत, कारण हाती आलेला प्रत्येक कागद ते दुसऱ्या कुठल्यातरी कागदाला टोचून ठेवत. माणूस वाईट नव्हता. मात्र एकदा टोचलेला कागद त्यांच्या हातून सुटत नसे. त्यांनी नणंदबाईंना बोलावून सांगितलं की आजपासून रुळांवर जायचं नाही. नणंदबाई चिडल्या. आपण कुठल्या दवाखान्यात गेलोच नाही, तुमच्या बाहीवरचा शाईचा डाग मला दारातूनच दिसला, आणि तो कालचा आहे, असं त्यांनी सुनावलं. टाचणीसाहेबांनी बाही झाकली आणि पत्र वाचून दाखवलं. चूक असेल तर दवाखान्याने पुन्हा तपासून लिहून द्यावं, पुढची तारीख महिन्याभराने मिळेल, तोवर घरी बसा.

नणंदबाई तीन मजले चढून गच्चीवर आल्या. ऊनबाई तेव्हा सहाव्या पेटीशी होती. त्यांनी कठड्याला हात टेकला. जरा दम घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, माझ्या तोंडाकडे बघ."

ऊनबाईने बघितलं.

"तोंडाकडे म्हटलं मी. तू कानाकडे बघतेस."

"कानाकडे बघितलं की तोंड दिसतं, वन्सं."

 नणंदबाई एका उपड्या घमेल्यावर बसल्या. पत्रावर तपासणीची तारीख होती. त्या मंगळवारी वहिनी काळा रंग आणायला गेली होती आणि हात हलवत परत आली होती, एवढं आठवायला त्यांना तीन जिने पुरेसे झाले होते.

"कधीपासून?"

"चार महिने होऊन गेले."

"आणि मला सांगायला मुहूर्त बघत होतीस का?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझंच नाव बरं सुचलं तुला."

"दुसऱ्या कुणाचं वयासकट पाठ नव्हतं."

यावर नणंदबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी लगेच गिळलं. ऊनबाई खाली जाऊन सगळं सांगायला निघाली होती. त्यांनी तिचा दंड धरला. "बस खाली. मी आंधळी झाले तर एकीचं काम जातं. तू झालीस तर काम जातं, खोली जाते, आणि ट्रंक घेऊन दोघी फाटकाबाहेर. एवढं तर मला डोळे मिटूनही दिसतं."

ऊनबाईने मान्य केलं. तिने ते किती लवकर मान्य केलं, याचा विचार तिने नंतर पुष्कळ केला.

पुढचे आठ दिवस नणंदबाई आंधळ्या झाल्या. त्यांनी ते काम मनापासून केलं, जरा जास्तच. कार्यालयाच्या उघड्या दाराला त्या धडकल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला त्यांनी नमस्कार केला. धुलाईघरातल्या बाया डोळे पुसत संत्री घेऊन आल्या, तर नणंदबाईंनी चाचपून चाचपून त्यातली चांगली तेवढी नेमकी निवडली. खोलीत आल्यावर सालं काढता काढता म्हणाल्या, "आंधळेपणात बरं चाललंय गं. पूर्वीच व्हायला हवं होतं." घरी बसून करायचं काय, म्हणून त्यांना वहिनीच्या हाताखाली गच्चीवर बसू द्यायला टाचणीसाहेबांनी परवानगी दिली. बटाटे सोलायला नजर लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

प्रत्यक्षात नणंदबाई छत्री चालवू लागल्या. ऊनबाईने त्यांना पहिल्या दिवशी सगळं सांगितलं: उभं कुठे राहायचं, दांडा किती फिरवायचा, आणि चष्मा काढायचा नाही. चष्मा काढायचा नाही हे तिने तीनदा सांगितलं. पहिला दिवस नणंदबाईंनी चष्मा लावला आणि रस्सा एक वाजेपर्यंत उकळला नाही. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर उकळला. चौथ्या दिवसापासून छत्री अशी चालू लागली की गेल्या चार महिन्यांत तशी चालली नव्हती. जाळीवर भाजलेल्या वांग्यांची खालून तारीफ आली. ऊनबाई नऊ पेट्या हातांनी फिरवत होती आणि दहावं काम तिच्याशिवाय होत होतं. खूप दिवसांनी तिला सकाळी छत्रीची धास्ती न घेता उठता आलं. चष्मा लावताय ना, असं ती रोज विचारायची. लावलाय गं, असं उत्तर यायचं. तो लावलेला आहे की नाही हे बघायचं तर नणंदेच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं असतं, आणि चेहरा तर तिला कुणाचाच दिसत नव्हता. पण कानाकडे बघता आलं असतं. तेही तिने बघितलं नाही.

नवव्या दिवशी पावणेबाराच्या सुमारास नणंदबाई डाळ घोटता घोटता थांबल्या.

"वहिनी, तुझ्या बाहीवर हिरवं काय लागलंय?"

ऊनबाईने बाही चाचपली. काही नव्हतं.

"आता भिंतीवर आहे." त्या हसल्या. "माझ्याबरोबर फिरतंय. बघेन तिथे येतंय."

ऊनबाईने फडका बाजूला ठेवला.  हे हिरवं तिच्या ओळखीचं होतं. आधी हिरवं, मग करडं, मग काहीच नाही. तिने विचारलं, कधीपासून? नणंदबाई म्हणाल्या, काल संध्याकाळी होतं, सकाळी उठले तेव्हाही होतं, झोप नाही नीट, दुसरं काय. ऊनबाईने हात लांब करून त्यांच्या नाकाचा शेंडा आणि मग डोळ्यांच्या कडा चाचपल्या. चष्मा नव्हता.

"अगं, त्यातून कड दिसत नाही," नणंदबाई म्हणाल्या.

हेच वाक्य, याच शब्दांत, अकरा वर्षांपूर्वी तिने स्वतः म्हटलं होतं. तेव्हा तिला अडवणारं कुणी वर आलं नव्हतं. आता अडवणारी ती स्वतः होती, आणि तिने आठ दिवस अडवलं नव्हतं. मग तिने दांडा दोन्ही हातांनी धरून छत्री अशी फिरवली की तबकडीचं तोंड कठड्याकडे गेलं. पातेल्याखालचा ठिपका विझला. आत बेचाळीस जणांचा भात होता, अर्धा शिजलेला. एवढा भात पेट्यांत मावत नसे, म्हणून तो छत्रीवर असायचा. नणंदबाई दचकल्या. त्यांनी दांड्याला हात घालायच्या आत ऊनबाई जिन्याकडे निघाली होती.

टाचणीसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना ते खरं वाटलं नाही. याबद्दल त्यांना दोष देणं कठीण आहे. कागदावर नणंदेचं नाव होतं. समोर उभी असलेली बाई नणंदेला वाचवायला आली आहे, हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं. आणि तिच्या हातचा भात ते रोज जेवत होते.

"आंधळीच्या हातून असा भात होत नाही, बाई," ते म्हणाले. "एक खडा नसतो त्यात."

"पेट्या हाताला कळतात, साहेब. छत्री कळत नाही. ती गेले आठ दिवस वन्सं चालवताहेत."

"म्हणजे त्यांना दिसतं?"

"आज दिसतंय. उद्याचं सांगता येत नाही. त्यांना गच्चीवरून खाली घ्या, साहेब. आत्ता, या घटकेला."

टाचणीसाहेबांनी सुस्कारा टाकला. असं तोंडी चालणार नाही, लेखी द्या, असं म्हणून त्यांनी स्वतःच जबाब लिहून काढला: केसपेपर माझा, नाव खोटं दिलं, चार महिन्यांपासून मला समोरचं दिसत नाही. तो त्यांनी वाचून दाखवला आणि कागद तिच्यापुढे सरकवून हातात पेन दिलं. सही करायला नवऱ्याने तिला शिकवलं होतं. ती तिला सुबक येत असे. तिने मान जराशी वाकडी केली, कागदाच्या कडेकडे नजर धरली आणि पूर्ण नाव सावकाश लिहिलं, वेलांटीसकट.

 सही टेबलावर झाली होती, कागदापासून बोटभर बाहेर, लाकडावर. टाचणीसाहेबांनी ती पुसायला हात नेला आणि मागे घेतला. मग तिचा हात मनगटाशी धरून त्यांनी कागदावर ठेवला. "इथे," असं ते म्हणाले. या खेपेला त्यांचा आवाज वेगळा होता.

निर्णय द्यायला त्यांना फार वेळ लागला नाही. द्यायचा निर्णय एकच होता. नणंदबाईंनी दवाखान्यात स्वतःच्या नावाने तपासून यावं, डोळे धड निघाले तर रुळांवर परत. ऊनबाईचं काम महिनाअखेर संपलं. खोली त्याच दिवशी रिकामी करायची, कारण धुलाईघरातल्या कामाला खोली मिळत नाही. मला यात काही करता येत असतं तर, असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि अर्धंच सोडलं.

नणंदबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी आठ दिवस दाराला डोकं आपटून घेतलं ते कशासाठी?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आता जायचं कुठे आपण? बोल ना. कुठे जायचं?"

 ऊनबाई भिंतीला हात लावून जिना चढू लागली. बारा वाजून गेले होते. खालच्या वॉर्डातून ताटांचा आवाज येत होता. दुसऱ्या मजल्यावर नणंदबाई तिच्या शेजारी आल्या, आणि दुसऱ्याच कुणाचं काहीतरी विचारावं तशा म्हणाल्या, "ते हिरवं जातं का गं?"

"लगेच थांबलं तर जातं," ऊनबाई म्हणाली. "डॉक्टरच म्हणाले."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

गच्चीच्या दाराशी तिने नणंदबाईंना जिन्यातच उभं केलं, भिंतीकडे तोंड करून, आणि वळलात तर माझी शपथ आहे असं बजावलं. नणंदबाई एकदाही वळल्या नाहीत. ऊनबाईने पंचा पाण्यात बुडवून उजव्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळला, छत्री उन्हाकडे फिरवली, डोळे गच्च मिटले आणि हात पातेल्याच्या बुडाखाली घालून उजेडात इकडून तिकडे फिरवू लागली. जिथे पंचा चरचरून वाफाळला तिथे ठिपका होता. तिने हात तसाच ठेवून डाव्या हाताने दांडा फिरवला, तो पातेल्याच्या मध्यावर येईपर्यंत. पंधरा मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा.

भात पावणेदोनला उतरला. बेचाळीस जण जेवले. वरच्या थरात थोडा कच्चा होता असं दोघांनी सांगितलं.